मॉडेलांचा वारसा : पेढीच्या दप्तराच्या दृष्टीने

दीपावलीस वहीपूजन करण्याचा आपला परिपाठ आजही अखंड चालू आहे. परंतु पाटावर मांडलेल्या त्या लाल बासनातील वहीत वर्षभराची कीर्द लिहिली जात नाही, हे आपण सर्वजण जाणतो. कीर्द, खतावणी, उधारी, मालाचा साठा हे सारे आता संगणकात गेले आहे. त्यातही अलीकडे एक नवी गोष्ट दृष्टीस पडते. बाजारातील तयार आज्ञावली विकत घेण्याऐवजी आपल्याच घरातील, अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेली मुले-मुली पेढीच्या गरजेनुसार स्वतंत्र आज्ञावली लिहू लागली आहेत, आणि त्यांपैकी अनेकांच्या हाती असलेले साधन म्हणजे 'जँगो' होय.

ही मुले एखादे दिवशी दुकानात येऊन वडीलधाऱ्यांना विचारतात, "ग्राहक आणि माल पाठविणारे व्यापारी यांच्या नोंदी एकाच मुळातून काढू, की निरनिराळ्या ठेवू?" प्रश्न यंत्राचा वाटतो, म्हणून "तुला योग्य वाटेल तसे कर" असे उत्तर मिळते. आमच्या मते हा प्रश्न यंत्राचा नसून दप्तराचा आहे, आणि त्याचे उत्तर पेढी चालविणाऱ्यानेच दिले पाहिजे. कारण आज आपल्याशी विक्रीचा व्यवहार करणारा गृहस्थ उद्या आपल्यालाच माल देतो, हे ज्याला ठाऊक आहे तो गादीवर बसलेला असतो. संगणकापुढे बसलेल्या मुलाला ते सांगितल्यावाचून कळत नाही. ते न सांगितल्यास काय घडते, हेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम साधनाविषयी दोन शब्द. जँगो हे पायथन या संगणकभाषेत लिहिलेले, संकेतस्थळे व त्यांवर चालणारी दप्तरे उभारण्याचे साधन आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स या गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत ॲड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी २००३ साली त्याचा प्रारंभ केला. २००५ च्या जुलैमध्ये ते सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्यात आले. जँगो राईनहार्ट या गिटारवादकाचे नाव त्यास दिलेले आहे. व्यापाराशी त्या नावाचा काही संबंध नाही. आपण ज्याचा विचार करणार आहोत तो मॉडेल-वारसा २००८ मधील १.० या आवृत्तीत आला, आणि त्यातील तिसरा प्रकार २००९ च्या १.१ या आवृत्तीत जोडला गेला.

मॉडेल म्हणजे काय, हे ज्याने वही आखली आहे त्यास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तारीख, नाव, तपशील, रक्कम असे रकाने आखून वर मथळा लिहिला की वहीचे पान तयार होते. कोणत्या रकान्यात आकडे येतील आणि कोणत्यात अक्षरे, हेही आपण मनाशी ठरविलेले असते. हाच ठराव आज्ञावलीत लिहून दिला म्हणजे ते मॉडेल झाले. त्यावरून डेटाबेसमध्ये एक कोष्टक तयार होते आणि प्रत्येक नोंद ही त्या कोष्टकातील एक ओळ असते.

आता दोन वह्यांचे काही रकाने सारखे असतील तर ते दोनदा का लिहावेत, असा विचार मनात येतो. एक मूळ मॉडेल लिहावे आणि इतरांनी त्याच्यापासून ते रकाने घ्यावेत, यालाच वारसा म्हणतात. 'वारसा' हा शब्द ऐकताच व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाटणीपत्र उभे राहते. येथे मात्र वाटणी होत नाही. बापाचे काही कमी न होता मुलांना सर्व मिळते. वाटणी नसली तरी तंटा होऊ शकतो, तो कसा ते पुढे येईलच. असा वारसा देण्याच्या तीन रीती जँगोत आहेत.

पहिली रीत अमूर्त वारशाची. तिला 'ॲबस्ट्रॅक्ट' म्हणतात. छापखान्यात वहीच्या पानाचा एक ठसा असतो. त्या ठशावरून विक्रीची वही छापता येते, खरेदीची वही छापता येते; परंतु 'ठसा' या नावाची वही कोणाच्याही दुकानात नसते. त्याचप्रमाणे अमूर्त मॉडेलाचे स्वतःचे कोष्टक तयारच होत नाही. त्यातील रकाने प्रत्येक वारसाच्या कोष्टकात उतरतात आणि तेथून पुढे दोन्ही वह्या परस्परांना ओळखत नाहीत. नोंद कोणी केली, केव्हा केली, शेवटचा फेरफार केव्हा झाला, हे रकाने सर्व वह्यांत हवे असतात. ते अमूर्त मॉडेलात ठेवणे सर्वथा उचित होय. ज्यांच्या पेढ्या कंपनी म्हणून नोंदलेल्या आहेत त्यांना मात्र येथेच सावध करणे इष्ट. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या आज्ञावलीने प्रत्येक फेरफाराची माग ठेवणारी नोंद राखली पाहिजे असा नियम आहे. 'शेवटचा फेरफार' या एका रकान्याने तो नियम पाळला जात नाही, कारण त्यात आधीचे फेरफार पुसले जातात.

अमूर्त वारशाची मर्यादा अशी की, ज्याची वहीच नाही तिच्यात काही शोधता येत नाही. विक्री आणि खरेदी या दोन वह्या एका अमूर्त 'नोंदी'पासून काढल्या, आणि मग एखाद्या आसामीचा वर्षभराचा उतारा तारीखवार मागितला, तर संगणकाला दोन वह्या स्वतंत्रपणे चाळून त्या एकत्र जुळवाव्या लागतात. विक्रीची ५७ वी ओळ आणि खरेदीची ५७ वी ओळ या दोन्ही असू शकतात. तिसऱ्या एखाद्या वहीतून 'नोंद ५७' असा एकच निर्देश करता येत नाही. म्हणून जेथे सर्व प्रकार मिळून एकत्र मोजदाद कधीच लागणार नाही तेथेच ही रीत निर्धास्तपणे वापरावी.

दुसरी रीत अनेक-कोष्टकी वारशाची, आणि लेखाचा मुख्य विषय हाच आहे. येथे मूळ मॉडेलाचेही कोष्टक असते आणि वारसाचेही. एकत्र कुटुंबात सामाईक चीजवस्तू मोठ्या घरात असतात व प्रत्येक भावाच्या खोलीत त्याचे स्वतःचे सामान असते, तशी ही व्यवस्था आहे. वारसाच्या ओळीत मूळ ओळीकडे बोट दाखविणारा एक दुवा जँगो आपण होऊन घालतो, आणि वारसाची नोंद वाचताना दोन्ही कोष्टके जोडून वाचली जातात. या जोडणीस वेळ लागतो अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. आमच्या आकाराच्या पेढ्यांच्या बाबतीत ती फारशी मनावर घेण्याचे कारण नाही. शंभर मूळ ओळी हाती घेऊन प्रत्येकीच्या वारसाची स्वतंत्र चौकशी करणारी, म्हणजे शंभर फेऱ्या घालणारी आज्ञावली मात्र मंद होते. तो दोष रीतीचा नसून लिहिणाराचा आहे. दोन्ही कोष्टके एकाच फेरीत आणण्याची सोय जँगोत आहे.

खरा धोका निराळाच आहे. आता उदाहरण घेऊ. मुलाने 'आसामी' हे मूळ मॉडेल लिहिले : नाव, पत्ता, दूरध्वनी. त्यापासून 'ग्राहक' काढला आणि त्यात उधारीची मर्यादा घातली. 'पुरवठादार' काढला आणि त्यात रक्कम चुकती करण्याची मुदत घातली. कागदावर हे फार सुबक दिसते. ग्राहक हाही आसामीच आणि पुरवठादार हाही आसामीच, यात खोटे काय? शहापूरचा एक साडीविक्रेता आपल्याकडून सूत नेतो, म्हणून तो ग्राहक झाला. पुढे त्याच्याकडील तयार साड्या आपण घेऊ लागलो. आता तो पुरवठादारही झाला पाहिजे.

येथे तीन अडचणी उभ्या राहतात. दुकानातील गुमास्त्याने 'नवा पुरवठादार' असा फॉर्म भरला तर एकाच गृहस्थाच्या नावे आसामींच्या कोष्टकात दोन ओळी होतात. मग आपल्याकडे त्याचे येणे किती व त्याला देणे किती, हे वजावाट करून पाहताच येत नाही, कारण संगणकाच्या लेखी ते दोन परके गृहस्थ आहेत. हे टाळावे म्हणून मुलाने असलेल्या आसामीच्या ओळीलाच पुरवठादाराची ओळ जोडली आणि सरळ जतन केले, तर आणखी विचित्र प्रकार घडतो. वारसाची नोंद जतन होताना जँगो मूळ ओळही पुन्हा लिहितो. आणि नव्या पुरवठादाराच्या नोंदीत नाव-पत्ता भरलेला नसल्यामुळे मूळ ओळीतील नाव व पत्ता यांच्या जागी कोरी अक्षरे लिहिली जातात. जुने रकाने आधी नव्या नोंदीत उतरवून घेतले तर हे टळते. परंतु ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हातून वर्षानुवर्षांच्या आसामीचे नाव एका क्षणात नाहीसे होते. यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही, म्हणून ही गोष्ट विशेष घातक होय.

तिसरी अडचण काढून टाकण्याची. त्या गृहस्थाने सूत नेणे बंद केले, म्हणून कोणी 'ग्राहक' या यादीतून त्याचे नाव काढले. आपली समजूत अशी की भावाच्या खोलीतील सामान तेवढे हलविले. प्रत्यक्षात वारसाची ओळ काढताच जँगो मूळ ओळही काढू पाहतो; मूळ ओळ राखून ठेवण्याची सूचना वेगळी द्यावी लागते. आणि कीर्दीतील नोंदी आसामीच्या ओळीशी 'मूळ गेल्यास हेही जावे' अशा शर्तीने बांधलेल्या असतील, तर त्या नोंदीही तिच्याबरोबर जातात. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. एका बटनाच्या दाबाने गेलेल्या नोंदींबद्दल अधिकाऱ्यापुढे आपणांसच उत्तर द्यावे लागेल, आज्ञावली लिहिणाऱ्या मुलास नव्हे. यासाठी कीर्दीचा दुवा 'प्रोटेक्ट' या शर्तीने बांधावा, म्हणजे नोंदी शिल्लक असेपर्यंत आसामीची ओळ निघतच नाही. २०१७ च्या डिसेंबरमधील २.० आवृत्तीपासून ही शर्त प्रत्येक दुव्यापुढे स्पष्ट लिहिल्याखेरीज जँगो पुढे जात नाही. तेव्हा आपल्या मुलाने तेथे काय लिहिले आहे, एवढे विचारण्यास संगणकाचे ज्ञान लागत नाही.

या सर्व अडचणींचे मूळ एकच आहे, आणि ते आपल्या परंपरेतील दोन शब्दांनी नेमके सांगता येते. द्रव्य कायम राहते आणि पर्याय पालटतात, हे आपण प्रवचनांतून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सोने तेच, कधी कडे होते, कधी साखळी. शास्त्राला बाजारात ओढण्याची आमची इच्छा नाही. परंतु आसामी हे द्रव्य आहे आणि ग्राहकपण, पुरवठादारपण हे तिचे पर्याय आहेत, याहून सोप्या शब्दांत ही गोष्ट आम्हांस सांगता येत नाही. वारसा हा जातीसाठी असतो, व्यवहारातील नात्यासाठी नव्हे. जे आज एक व उद्या दुसरे होऊ शकते, किंवा एकाच वेळी दोन्ही असू शकते, ते वारशाने बांधू नये. आसामीचे एकच कोष्टक ठेवावे. विक्रीच्या शर्ती आणि खरेदीच्या शर्ती यांची दोन साधी कोष्टके निराळी करून प्रत्येकीतून आसामीकडे दुवा द्यावा. विक्रीच्या शर्ती काढल्या तर तेवढ्याच जातात आणि आसामी जागच्या जागी राहते.

जीएसटी क्रमांकाच्या बाबतीत हेच तत्त्व आणखी ठळकपणे दिसते. १ जुलै २०१७ रोजी ही करपद्धती सुरू झाली तेव्हा पुष्कळांनी आसामीच्या मॉडेलात १५ चिन्हांचा एक रकाना वाढवून काम भागविले. सीमेवरच्या आपल्या व्यापाराला ते पुरत नाही. त्या क्रमांकाची पहिली दोन चिन्हे राज्याची असतात : महाराष्ट्राची २७, कर्नाटकाची २९, गोव्याची ३०, त्यापुढील दहा चिन्हे पॅनची. एकाच पेढीचे एक दुकान बेळगावात व दुसरे कोल्हापुरात असेल तर पेढी एक, पॅन एक, परंतु नोंदणी क्रमांक दोन. बेळगावच्या व्यापाऱ्याने बेळगावच्याच दुकानास माल दिला तर केंद्राचा व राज्याचा असे दोन कर लागतात. कोल्हापूरच्या दुकानास पाठविला तर एकात्मिक कर लागतो. अशा वेळी 'कर्नाटकातील आसामी' आणि 'महाराष्ट्रातील आसामी' असे दोन वारस काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. नोंदणी हे स्वतंत्र मॉडेल करावे, एका आसामीस अशा अनेक नोंदण्या असू द्याव्यात आणि बिलाचा दुवा नोंदणीशी जोडावा.

मग अनेक-कोष्टकी वारसा कोठेच वापरू नये काय? असे आमचे म्हणणे नाही. दुकानातील माल पाहा. कापडाला पन्हा असतो, भांड्याला धातू व वजन असते, दागिन्याला शुद्धता आणि हॉलमार्कचा सहा चिन्हांचा क्रमांक असतो. कापडाचे ठाण कधीही दागिना होत नाही. आणि तरीही वर्षअखेरीस सर्व मालाची किंमत एकाच यादीत मांडावी लागते, बिलातील प्रत्येक ओळीला कोणत्याही मालाकडे बोट दाखवावे लागते. जात अचल आहे, आणि एकत्र मोजदाद आवश्यक आहे. या दोन्ही गोष्टी जेथे जुळून येतात तेथे ही रीत उत्तम चालते. एक किरकोळ गैरसोय सांगून ठेवतो. हजारो नोंदी एकदम घालण्याची जी जलद सोय जँगोत आहे, ती अशा वारस मॉडेलांना लागू पडत नाही. जुन्या यादीतील माल आत घेताना थोडा अधिक वेळ द्यावा लागतो.

अनुषंगाने बिलाच्या क्रमांकाविषयीही सांगितले पाहिजे, कारण येथे पुष्कळांची फसगत होते. विक्री व खरेदी या दोघांस 'नोंद' या एका मूळ कोष्टकाचे वारस केले, तर ओळींचे क्रमांक मूळ कोष्टकातून दिले जातात. पहिली विक्री १, मग दोन खरेद्या २ व ३, पुढची विक्री ४. हाच क्रमांक बिलावर छापला तर विक्रीच्या बिलांत २ व ३ सापडत नाहीत. जीएसटी नियमावलीतील ४६ व्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक ओळीने चालणारा, १६ चिन्हांपेक्षा अधिक लांब नसलेला आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा असला पाहिजे. ओळीचा अंतर्गत क्रमांक आणि बिलाचा क्रमांक हे नेहमी निरनिराळे रकाने असावेत, मग वारशाची रीत कोणतीही असो.

तिसरी रीत 'प्रॉक्सी'ची. ती सर्वांत सोपी. तिच्यात नवे कोष्टक नाही, नवा रकानाही घालता येत नाही. त्याच दुकानावर दुसरी पाटी लावावी इतकेच. आसामींच्या त्याच कोष्टकावर 'थकीत उधारी' अशी पाटी लावून नावे सर्वांत जुन्या थकबाकीच्या क्रमाने मांडता येतात, स्मरणपत्र काढण्याची क्रिया त्या पाटीखाली ठेवता येते, आणि मूळ यादी होती तशीच राहते. एकच वस्तू निरनिराळ्या नयांनी पाहावी, तसा हा प्रकार आहे. २०१९ मधील २.२ आवृत्तीपासून अशा पाटीचे अधिकारही वेगळे देता येतात, म्हणजे वसुलीच्या गुमास्त्यास एवढीच यादी उघडून द्यावी. मात्र पाटीवर 'थकीत' लिहिले म्हणून आत थकीत आसामीच दिसतील असे नाही! गाळणी वेगळी लिहावी लागते. ती नसेल तर त्या नावाखाली पेढीच्या सर्व आसामी दिसतात, आणि गुमास्त्याला जे दाखवावयाचे नव्हते तेही दिसते.

या तीन रीतींपैकी कोणती घ्यावी याचा निर्णय पहिली नोंद पडण्यापूर्वीच व्हावा, असा आमचा आग्रह आहे. रकाना वाढविणे किंवा त्याचे नाव बदलणे या गोष्टी जँगो पुष्कळ अंशी आपोआप करतो. परंतु अमूर्त वारसा मोडून अनेक-कोष्टकी करणे, अथवा वारसा सोडवून साधा दुवा घालणे, हे आपोआप होत नाही. जुन्या ओळी नव्या ठिकाणी नेण्याची योजना हाताने लिहावी लागते व तिची पडताळणीही हातानेच करावी लागते. १ एप्रिलला नवे वर्ष सुरू होते. त्याआधी महिनाभर एखादे दुपारचे तास-दोन तास काढून पुढील प्रयोग गादीवर बसूनच करून पाहावा, आणि तो खऱ्या दप्तरावर नव्हे तर त्याच्या प्रतीवर करावा.

जो आपल्याकडून माल नेतो आणि आपल्याला मालही देतो असा एक ओळखीचा गृहस्थ मनाशी घ्यावा. त्याची ग्राहक म्हणून नोंद करून दोन बिले करावीत. मग त्यालाच पुरवठादार म्हणून नोंदवावे आणि त्याचे नाव व पत्ता पूर्ववत दिसतो की नाही ते पाहावे. नंतर त्याचा उतारा मागावा. येणे आणि देणे एका पानावर, तारखेच्या क्रमाने, आले पाहिजे. शेवटी ग्राहकांच्या यादीतून त्याचे नाव काढण्याचा प्रयत्न करावा. यंत्राने नकार दिला, अथवा नाव काढल्यावरही ती दोन बिले आणि खरेदीचे खाते जागेवर राहिले, तर दप्तर नीट बांधलेले आहे असे समजावे. बिले नाहीशी झाली तर मुलाला शेजारी बसवून त्या आसामीची कोष्टके पुन्हा आखावयास सांगावे.